टाकीचे घाव

म्हणींवर माझा जन्माचा लोभ. चाळीस मुलांसमोर रोज उभे राहावे लागणाऱ्या माणसाला म्हणीसारखा दुसरा सोबती नाही. ती आयती तयार असते, तिला पुरावा द्यावा लागत नाही, आणि ती उच्चारली की ऐकणारा मुकाट्याने मान डोलावतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर अशा पाच-सहा म्हणी मी स्वतःच्या हाताने रंगविल्या आहेत. त्यांतली सर्वांत ठळक अक्षरांतली म्हण आहे, ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ नापास झालेल्या मुलाला मी ती ऐकविली आहे, आई गेलेल्या मुलीलाही ऐकविली आहे. गेल्या वर्षी मात्र दहा-अकरा वर्षांच्या एका पोराने मला त्या म्हणीपाशी असे काही अडविले, की तेव्हापासून ती उच्चारताना माझी जीभ अडखळते.

आमचा भाग ऊसतोड्यांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी आपले बिऱ्हाड ट्रकवर टाकतात आणि कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्यातच परततात. पोरेही बरोबर जातात. हा मुलगा त्यांपैकीच एक. अभ्यासात बरा, पण जीव सगळा चेंडूत. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “गुरुजी, आम्ही परवा कारखान्यावर चाललोत. मला हितंच ऱ्हायचंय.”

मी त्याला जवळ बसवून घेतले आणि लुका मॉड्रिचची गोष्ट सांगितली.

फुटबॉल पाहणाऱ्या घरांतून हे नाव परिचयाचे असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. युगोस्लाव्हिया नावाचा एक देश होता. १९९१ च्या जूनमध्ये त्यातून क्रोएशियाने आपले स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्या भूमीवर युद्ध पेटले. एड्रियाटिक समुद्राच्या काठी झादार हे शहर आहे, आणि त्याच्या पाठीशी व्हेलेबिट नावाचा डोंगर. त्या डोंगराच्या उतारावरील एका वस्तीत मॉड्रिच कुटुंब राहत असे. १९८५ मध्ये जन्मलेल्या लुकाला नाव मिळाले ते आजोबांचे, आणि आईबाप कामावर जात तेव्हा तो असे तोही आजोबांपाशीच. १९९१ च्या डिसेंबरात सर्ब बंडखोरांच्या सशस्त्र टोळीने त्या आजोबांना ठार केले. पुढे घरही जळाले. सहा वर्षांच्या पोराला घेऊन कुटुंब झादारला आले आणि निर्वासितांसाठी उघडलेल्या एका हॉटेलात राहू लागले. पुढे दुसरे हॉटेल. अशी सुमारे सात वर्षे गेली. हॉटेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चैन उभी राहते. पण इथे एका कुटुंबाला एक खोली, बाहेर तोफगोळे, आणि भोंगा वाजला की तळघराकडे धाव! बाप सैन्यात विमानांच्या दुरुस्तीचे काम करी, आई कापडाच्या कारखान्यात. आणि लुका हॉटेलसमोरच्या मोटारी लावण्याच्या जागेत दिवसभर चेंडू खेळत असे.

तोच लुका पुढे माद्रिदच्या ‘रेआल’ संघाकडून खेळला आणि त्या संघाने त्याच्या काळात सहा वेळा युरोपचे अजिंक्यपद मिळविले. २०१८ मध्ये रशियात झालेल्या विश्वचषकात तो क्रोएशियाचा कर्णधार होता. जेमतेम चाळीस लाख वस्तीचा तो देश अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे फ्रान्सने त्यांना चार-दोन असे हरविले. पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू लुकाच ठरला. त्याच वर्षअखेर ‘बॅलन डी’ऑर’ हा मानही त्याला मिळाला. त्याआधीची दहा वर्षे तो मान मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांनी आपसातच वाटून घेतला होता.

गोष्ट रंगली. मी भिंतीकडे बोट केले आणि म्हण वाचायला सांगितली. मुलाने ती वाचली, क्षणभर विचार केला आणि विचारले, “मंग त्या हाटेलातली बाकीची पोरं कुठं गेली, गुरुजी?”

मला उत्तर सुचले नाही. घंटा झाली हे बरे झाले.

पण प्रश्न काही घंटेबरोबर संपला नाही. त्या हॉटेलात लुकाएवढी किती तरी मुले असतील. भोंगा सगळ्यांसाठीच वाजत होता, घरे सगळ्यांचीच सुटली होती. घावांनीच देवपण येत असते, तर त्या एका हॉटेलातून देवांची रांग बाहेर पडायला हवी होती. तशी ती पडली नाही. म्हणजे आपण ज्याला कारण समजतो, ते कारण नव्हेच. पाऊस सगळ्या शिवारावर पडतो आणि एकाच शेतात पीक येते, तेव्हा शहाणा शेतकरी पावसाचे गुणगान करीत बसत नाही. त्या एका शेतात निराळे काय केले होते, याची चौकशी करतो.

शिवाय टाकी आणि घण यांत अंतर आहे. टाकी मूर्तिकाराच्या हातात असते. त्याच्या डोळ्यांपुढे मूर्ती असते, कुठे ठोकावे आणि कुठे थांबावे हे तो जाणतो. युद्धापुढे कोणती मूर्ती असते? ज्यांनी त्या वृद्ध आजोबांना मारले, त्यांना त्यांच्या नातवातून थोर खेळाडू घडवायचा नव्हता. भुकेला, बेघरपणाला, उचलीच्या कर्जाला कसलीही मूर्ती घडवायची नसते. ते आंधळे घण आहेत. एखादा दगड त्यांच्या खालून शाबूत निघाला, तर त्याचे श्रेय घणाला देणे हा दगडावर अन्याय आहे. आणि फुटलेल्या दगडांवर तर त्याहून मोठा.

मग लुका शाबूत कसा राहिला? त्याच्या गोष्टीतला मी गाळलेला भाग नंतर मला आठवू लागला. हॉटेलातल्या कोणा माणसाने झादारच्या फुटबॉल क्लबला कळविले, की इथे एक बारका पोरगा दिवसभर चेंडू सोडीत नाही, त्याला एकदा बघा. क्लबच्या प्रमुखाने ते मनावर घेतले. घरी पैसा नव्हता, तरी आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला क्रीडाशाळेत घातले; वेळप्रसंगी काकाने हात दिला. टोमिस्लाव्ह बाशिच नावाच्या शिक्षकाने त्याला बापाच्या मायेने खेळ शिकविला. स्प्लिट शहरातल्या हायदुक या मोठ्या क्लबने, हा फार लहान आणि अशक्त आहे, असे म्हणून त्याला परत पाठविले, तेव्हा पोराचे मन खेळावरूनच उडाले होते. त्या वेळी बाशिचनी त्याला धरून ठेवले आणि पुढे झाग्रेबच्या डिनामो क्लबचा रस्ता दाखविला. डिनामोने त्याला आधी बोस्नियात, मोस्तारच्या संघाकडे धाडले. तिथल्या मैदानांवर धसमुसळा खेळ चाले. अठरा वर्षांचा हा हडकुळा पोरगा तिथे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००५ मध्ये डिनामोशी लांब मुदतीचा करार झाला, आणि त्या पैशांतून त्याने पहिली मोठी वस्तू घेतली ती आईबापांसाठी, झादारमधले एक घर.

लुका खेळतो तो मधल्या फळीत. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी पत्रांत ठळक छापले जाते. मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम निराळे. अडचणीत सापडलेल्या सोबत्याकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून मैदान बघायचे, आणि ज्याच्यापुढे वाट मोकळी आहे त्याच्याकडे तो वेळेवर पोहोचवायचा. मला वाटते, लुकाच्या आयुष्यातली ही सारी माणसे, तो हॉटेलातला माणूस, तो काका, ते बाशिच, मधल्या फळीतलीच होती. त्यांनी चेंडू अडवून ठेवला नाही आणि वायाही जाऊ दिला नाही. घाव सगळ्यांना बसले. असे हात सगळ्यांना मिळाले नाहीत.

कोणी म्हणेल, “गुरुजी, पण मॉड्रिचने स्वतःच सांगितले आहे, की त्या दिवसांनी आपल्याला कणखर केले. मग तुम्ही कोण नाही म्हणणारे?” आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळू इच्छीत नाही. तसे म्हणण्याचा त्याला पुरा अधिकार आहे. आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाला माणसाने आपल्या हाताने अर्थ द्यावा, यात त्याचे सारे माणूसपण आहे. २०१८ च्या त्या स्पर्धेत डेन्मार्कविरुद्ध जादा वेळ संपायला चार-पाच मिनिटे उरली असता त्याची पेनल्टी अडविली गेली. थोड्याच वेळाने बरोबरीचा निकाल लावण्यासाठी पुन्हा पेनल्टी सुरू झाल्या, तेव्हा तो पुन्हा त्याच गोलरक्षकासमोर उभा राहिला आणि गोल केला. हे धैर्य कोठून आले हे त्याने सांगावे, आपण ऐकावे.

पण तेच वाक्य दुसऱ्याने म्हटले की त्याचा अर्थ पालटतो. “माझ्या दुःखाने मला घडविले,” ही कृतज्ञता असेल, शौर्य असेल. “तुझे दुःख तुला घडवील,” हे म्हणणाऱ्याची मात्र त्यातून सुटका होते. घाव सोसणारा सोसत राहतो, आणि आपण मूर्तिकाराच्या थाटात बाजूला उभे राहतो. ही म्हण प्रथमपुरुषी आहे. ती द्वितीयपुरुषी वापरली, की उपदेशाचे रूप घेऊन निष्ठुरपणाच बोलू लागतो. इतकी वर्षे व्याकरण शिकवून हे साधे व्याकरण माझ्या ध्यानात आले नव्हते.

आणखी एक गोष्ट. ही म्हण घावांच्या बदल्यात देवपणाचे वचन देते. ते तरी खरे आहे काय? डिनामो क्लबच्या एका बलाढ्य माणसावर पैशांच्या गैरव्यवहाराचा खटला चालला होता. जून २०१७ मध्ये त्यात लुकाची साक्ष झाली. पूर्वी तपासात सांगितलेली एक गोष्ट त्याने तिथे बदलली, आणि काही गोष्टी आपल्याला आठवत नाहीत असे सांगितले. लोक संतापले. ज्या हॉटेलात तो निर्वासित म्हणून वाढला, त्याच्याच भिंतीवर कोणी तरी लिहिले, की लुका, हा दिवस तुला एके दिवशी आठवेल. मार्च २०१८ मध्ये त्याच्यावर खोट्या साक्षीचा आरोप ठेवण्यात आला. त्याच वर्षी पुढे न्यायालयाने तो फेटाळला. निकाल लागला, प्रश्न मिटला. त्याच्या मनात त्या दिवशी काय होते, ते मी सांगू शकत नाही. इतकेच म्हणतो, की ज्या वर्षी जगाने त्याला डोक्यावर घेतले, त्याच वर्षी तो आरोपीही होता. तो देव झाला नाही, तुमच्या-माझ्यासारखा माणूसच राहिला. आणि दुःख सोसलेल्याने देवच झाले पाहिजे, अशी अपेक्षा तरी आपण का करावी? जो साधा गवंडी झाला, ड्रायव्हर झाला, त्या हॉटेलातल्या पोराचे सोसणे काय कमी मोलाचे?

आता माझा कबुलीजबाब. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तिच्यासाठी मुलांची यादी वेळेवर पाठवावी लागते, पालकांना भेटून समजवावे लागते. गेल्या वर्षी ते काम माझ्याकडे होते, आणि ते मी आज करू, उद्या करू म्हणून मुदत टळू दिली होती. “मला हितंच ऱ्हायचंय,” असे पोरगा म्हणाला, तेव्हा त्याने मला उपदेश मागितला नव्हता. त्याने जागा मागितली होती. त्याच्याकडून माझ्या पायापाशी चेंडू आला होता. मी तो पुढे देण्याऐवजी त्याला एका थोर खेळाडूची गोष्ट सांगितली!

तो गेला. उन्हाळ्यात परतला तेव्हा हातांवर पाचटाचे ओरखडे होते आणि भागाकार विसरला होता. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो. मुले क्षमा करतात असे आपण म्हणतो. पण खरे पाहता त्यांना आपला गुन्हा ठाऊकच नसतो.

यंदा श्रावणातच मी यादी केली. संध्याकाळी घरोघर हिंडलो. काही आईबाप तयार झाले, काही झाले नाहीत. पोरगी मागे ठेवायला त्यांचे मन धजेना, आणि त्यांचे भय खोटे आहे असे मला म्हणवले नाही. त्या मुलाची आजी मात्र त्याला ठेवून घ्यायला राजी झाली. वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल, घरात फराळाचा वास दरवळत असेल, त्या सुमारास आमच्या रस्त्यावरून ट्रक चालले असतील. त्यांतल्या एकात तो नसेल. तो पुढे फुटबॉलपटू होईल की नाही, भागाकार तरी त्याला येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. त्यासाठी हे केलेही नाही.

भिंतीवरची म्हण मी पुसलेली नाही. ती खोटी नाही. फक्त ती आता मी दुसऱ्या कोणाला ऐकवीत नाही. पाळी आलीच, तर स्वतःसाठी राखून ठेवली आहे.