हृदय कुठे ठेवायचे?



तरुण मुलगा गेल्यानंतर काही महिन्यांनी एका आईने आम्हाला विचारले, “फादर, मी मिस्साला येते. पण प्रवचनानंतर सगळे उभे राहून ‘माझी श्रद्धा आहे’ म्हणू लागले, की माझे ओठच हलत नाहीत. मी देवापुढे खोटी ठरते का?”

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावर आम्ही त्या एका शब्दापाशीच थांबलो.

‘श्रद्धा’ हा शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला उद्देशून एक सूक्तच आहे. ‘श्रत्’ आणि ‘धा’ हे या शब्दाचे दोन भाग. ‘धा’ म्हणजे ठेवणे आणि ‘श्रत्’चा संबंध अनेक भाषातज्ज्ञ हृदयाशी जोडतात. आपले वाडवडील लॅटिन मिस्सामध्ये ‘क्रेडो’ ऐकत आले. तो शब्दही याच मुळातला. भाषा दोन, पण अर्थ एक: हृदय ठेवणे.

म्हणजे श्रद्धा ही नुसती बुद्धीला पटलेली गोष्ट नव्हे आणि उचंबळून आलेली भावनाही नव्हे. आपले हृदय परमेश्वराच्या हाती सोपवणे म्हणजे श्रद्धा. ते हृदय अखंडच असले पाहिजे, अशी अट कुठेही नाही. भंगलेले हृदयही ठेवता येते. उलट जे आपल्याला एकट्याने पेलवत नाही, तेच तर आपण दुसऱ्याच्या हाती देतो ना?

मार्कच्या शुभवर्तमानातील (अध्याय ९) आजारी मुलाचा बाप आठवा. आपली श्रद्धा आणि आपला अविश्वास, दोन्ही त्याने एकाच दमात येशूपुढे ठेवले. येशूने त्याला परत पाठवले नाही, त्याच्या मुलाला बरे केले.

आणखी एक गोष्ट. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या परिषदेत बिशपांनी श्रद्धेची जी घोषणा केली, तिची सुरुवात ग्रीक भाषेत ‘मी’ने नव्हे, तर ‘आम्ही’ने होते. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. ‘मी’ अडखळतो, तेव्हा ‘आम्ही’ बोलत राहतो. ख्रिस्तसभा म्हणतात ती हीच.

पुढच्या भेटीत आम्ही त्या माऊलीला एवढेच सांगितले, “बाई, ओठ हलले नाहीत तरी चालेल. तुम्ही उभ्या राहा. तुमच्या वाटचे शब्द आम्ही म्हणू.” ती काही बोलली नाही. पण रविवारी ती उभी होती.

बंधू-भगिनींनो, आज श्रद्धेची घोषणा करताना घाई करू नका. आपल्या बाकावर कुणी गप्प उभे असेल, तर त्याच्याकडे वळून पाहू नका. त्याच्यासाठीही थोडे मोठ्याने म्हणा. उद्या आपले ओठ थांबतील, तेव्हा कुणीतरी आपल्यासाठी म्हणणार आहे.

प्रभू येशू आपणां सर्वांची हृदये आपल्या हाती सांभाळो. आमेन.