दुपारी दोनचं निदान

मेअखेरीचा नवतपा लागला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली-मूल भागात जुन्या पिकअपबद्दल एकच निदान ऐकू येतं: डिझेल उकळलं, गाडी बसली. मिस्त्री म्हणून मीही तेवढंच सांगून मोकळा होऊ शकतो, कुणी हरकत घेणार नाही. पण ते खरं नाही, हे मला माहीत आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीत नळीतच वाफ धरते, कारण पेट्रोलचा हलका भाग 40 अंशांच्या आसपास उडू लागतो. डिझेलला उकळायला 150 अंशांहून जास्त उष्णता लागते. चंद्रपूरचा पारा 47 वर गेला, तरी ते टाकीत उकळत नाही. उन्हावर ढकललं की मला शोधावं लागत नाही आणि मालकाला काही विचारता येत नाही. ही सोय मला फार जवळची वाटते, हे मान्य करायला हवं.

ऊन जे करतं ते वेगळंच. गरम डिझेल पातळ होतं. पंप झिजलेला असेल तर ते पंपाच्या पोटातच गळतं, सेल्फ फिरतो पण गाडी उठत नाही. कडक झालेला रबरी पाइप बारीक चिरेतून एअर घेतो. काही दोष तर उन्हाचे नसतातच. टाकीच्या झाकणाचं भोक धुळीनं बुजलं तर टाकी आतून ओढ धरते. झाकण सैल करताच फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. फिल्टर तुंबला असेल तर भरल्या गाडीला चढावर दम लागतो. प्रत्येक दोषाची खूण निराळी आहे. पाइप शे-दोनशेत बदलतो. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला की मालकाला मोठा खर्च येतो आणि माझ्या हाती चार पैसे जास्त येतात. मेच्या शेवटी, धानाच्या बियाण्याला पैसे जोडणाऱ्या माणसाला "पंप गेला" म्हणताना ते मी पाहून म्हणतो की माझ्या गरजेपोटी, हे मला स्वतःला विचारावं लागतं.

सगळ्यात अवघड गोष्ट याहून साधी आहे. सकाळी झाडाखाली गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. दोष दिसतो तो दुपारी, माल भरून व्याहाडकडे, वैनगंगेच्या पुलाच्या दिशेनं गेल्यावर. पारदर्शक नळीत बुडबुडे येतात का, गाडी बंद करून पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर ती उठते का, हे तिथंच कळतं. उठली तर पंप झिजलाय, हे मी खात्रीनं सांगू शकतो. त्या उन्हातल्या तासाचे पैसे कोणी देत नाही. माझं अंग सावलीच मागतं, आणि सकाळच्या तपासणीवर "ठीक आहे" म्हणण्याची घाई तिथूनच येते. "अजून कळलं नाही" म्हणायलाही जीभ कचरते; मिस्त्रीला कळलंच पाहिजे, अशी लोकांची समजूत असते, आणि ती मला आवडतेही.

आज मालक म्हणतो, भाऊ, ऊन उतरू द्या, मग जाऊ. ऊन उतरलं तर गाडी चांगलीच चालेल.