वाट सोडून वळणारा मेंढपाळ



निर्गमाच्या 3 ऱ्या अध्यायात आपणांस मोशे होरेब डोंगरापाशी आढळतो. तो तेथे उपासनेस गेला नव्हता. सासरा इथ्रो याची मेंढरे चारीत होता. मिद्यानातील त्याच्या प्रवासाची 40 वर्षे भरली होती, असे स्तेफनाच्या भाषणावरून कळते. तो दिवसही इतरांसारखाच कामाचा होता.

झुडूप पेटले होते, तरी भस्म होत नव्हते. पेटलेले झुडूप धावत्या नजरेसही दिसेल; परंतु ते भस्म होत नाही, हे थांबून पाहणाऱ्यालाच कळते. मोशे वाट सोडून पाहावयास वळला, हे पाहूनच परमेश्वराने त्याला नावाने हाक मारिली, असे शास्त्र सांगते.

आपलेही दिवस शेळ्या राखण्यात, खुरपणीत व चुलीपुढे जातात. मग आपण देवास रविवारी मंदिरातच भेटावे काय? बांधावर, विहिरीवर, भाकरी थापताना तो आपणांजवळ नसतो काय?

आणखी एक गोष्ट ध्यानी धरू या. त्या पवित्र भूमीवर देवाने मोशेला मिसरातील पीडितांचा आक्रोश कळविला व त्यांजकडेच पाठविले. म्हणून ज्या थांबण्याने शेजारचे उपाशी लेकरू दिसत नाही, ते भक्तीचे थांबणे नव्हे.

या आठवड्यात रोज सायंप्रार्थनेपूर्वी घरच्या सर्वांनी क्षणभर स्तब्ध बसून विचारावे : आज प्रभूने आपणांस कोठे थांबविले, व कोणाकडे पाठविले? तो आपणां सर्वांस पाहणारे डोळे देवो. आमेन.