किंमत तीच, वजन कमी

पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आजही पाच रुपयांनाच मिळतो, पण पूर्वीसारखा हाताला भरत नाही. साबणाची वडी बारीक होते, वेफर्सच्या पाकिटात वेफर्स कमी आणि हवा जास्त असते. किंमत जागच्या जागी राहते, माल मात्र गुपचूप घटतो. याला लबाडी म्हणायचे का?

कंपनी म्हणेल, ‘नाही, वजन पाकिटावर छापलेले आहे.’ कायद्याने ते खरे आहे. वेष्टनातील मालाविषयीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन छापावेच लागते. २०२१ मध्ये त्यांत दुरुस्ती होऊन दर ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो, हेही छापण्याचे बंधन आले. शिवाय पीठ, साखर, तेल महागले, की तो भार कोणाला तरी सोसावाच लागतो. ज्याच्या मुठीत पाचाचे एकच नाणे आहे, त्याला सहा रुपयांचा पुडा घेता येत नाही. लहान पुडा निदान मिळतो. म्हणून पुडा लहान करणे हेच पाप, असे आपण म्हणू शकत नाही.

खोट आहे ती लपवण्यात. किंमत वाढली तर गिऱ्हाईक लगेच विचारते. वजन घटले तर सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. त्या ध्यानात न येण्यावरच नफ्याचा हिशेब बसवला, तर छापलेला आकडा खरा असूनही व्यवहार खरा राहत नाही. बारीक अक्षरे न दिसणाऱ्या आजीला तो आकडा असून नसल्यासारखाच.

ही युक्ती आजची नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात आमोस संदेष्ट्याने धान्याच्या व्यापाऱ्यांना याच कारणासाठी फटकारले होते. ते धान्याचे माप लहान करीत आणि गिऱ्हाइकाची चांदी तोलण्याचे वजन जड ठेवीत. म्हणजे द्यायचे कमी आणि घ्यायचे जास्त. त्यात भरडला जाई तो गरीब, असे आमोस सांगतो.

इथपर्यंत आपण सारे मान डोलावू. पण हेच माप आपल्या घरातही लावून पाहू या. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा किंवा वाडीत राबणाऱ्या मजुराचा पगार तीन वर्षे तोच असेल, तर तोही एक घटलेला पुडाच आहे. वरचा आकडा तोच, पण आतले तांदूळ, तेल, मुलांच्या वह्या कमी झालेल्या. ‘आम्ही एक पैसाही कापला नाही’ हे आपले म्हणणे खरे असेल. पण वजन छापले आहे, हे कंपनीचे म्हणणेही खरेच होते. पुडा घटला तर आपण दुकानदाराकडे तक्रार तरी करू शकतो. काम जाईल या भीतीने त्या बाई मात्र गप्प राहतात.

परमगुरू बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात शिकवले, की खरेदी हा केवळ पैशांचा व्यवहार नसून ते नैतिक कृत्य आहे. मग श्रम विकत घेणे तर अधिकच. म्हणून दुकानात पाकीट उलटून दर ग्रॅमचा भाव जरूर वाचू या. आणि घरी आल्यावर, कोणी मागण्याची वाट न पाहता, आपण देत असलेल्या पगारात आज काय काय येते, त्याचाही हिशेब मांडू या. कमी भरले, तर पुढच्या महिन्यापासून माप पुरे करू या.