झांकलेलें पाहणें हें पाप काय?

एका वृद्ध भगिनीनें आम्हांस विचारिलें, "पाद्रीसाहेब, देवानें जें उदरांत झांकून ठेविलें, तें यंत्र लावून पाहणें पाप नव्हे काय?" हा प्रश्न अनेकांच्या मनांत असेल, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

सोनोग्राफी म्हणतात तींत क्ष-किरण नसतात. केवळ ध्वनि असतो. मनुष्याचा कान एका सेकंदांत सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. ह्या यंत्राचीं कंपनें साधारणपणें २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत असतात. पोटावर टेंकविलेल्या मुठींतील स्फटिक विजेच्या योगानें कांपून हा ध्वनि आंत सोडितात. आडांत हांक मारिली असतां जसा प्रतिध्वनि येतो, तसा मांस, पाणी व हाड ह्यांच्या सीमांवर आदळून तो परततो. परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर गणून यंत्र पडद्यावर चित्र उमटवितें. मध्यें हवा राहिल्यास ध्वनि अडतो, म्हणून कातडीस ओला लेप लावितात.

ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५८ सालीं अशीं चित्रें प्रसिद्ध केलीं. आतां मूल आडवें आहे काय, जुळें आहे काय, वार खालीं आहे काय, हें प्रसूतीपूर्वीं कळतें, आणि संकटांतील मातेस वेळेवर मोठ्या दवाखान्यांत नेतां येतें. ह्यांत पाप कोठें आहे? स्तोत्र १३९ ह्याच्या कर्त्यास ठाऊक होतें कीं, गर्भ देवापासून कधींच झांकलेला नव्हता.

परंतु देव पाहतो तो घडविण्याकरितां. कित्येकांनीं पाहिलें तें टाकण्याकरितां. आपल्या महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या. २००१ सालीं ९१३ उरल्या. १९८८ सालीं राज्यानें व १९९४ सालीं देशानें ह्याविरुद्ध कायदा केला. गर्भ मुलाचा कीं मुलीचा हें शब्दानें किंवा खुणेनें सांगणेंही गुन्हा आहे. अशी तपासणी झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, त्या स्त्रीस पतीनें किंवा नातलगांनीं भाग पाडिलें असें न्यायालय गृहीत धरितें. म्हणजे दोष कोठें उपजतो हें कायदा करणारांनीं ओळखिलें आहे.

हें इतरांचें पाप आहे असें म्हणून आपण हात झटकूं नये. दुसरी मुलगी झाली म्हणजे आपल्याच घरांत कोणाचें तोंड उतरतें? सासूचा तो एक उसासा सुनेच्या कानीं पडतो, आणि पुढच्या खेपेस ती भीत भीत दवाखान्याची पायरी चढते.

त्या भगिनीस आम्हीं म्हटलें, "बाई, सुनेस तपासणीस अवश्य न्या, परंतु मुलगा कीं मुलगी हें विचारूं नका, आणि घरीं येईल तें लेंकरूं दोन्ही हातांनीं घ्या." उपदेशक बंधूंसही आमची विनंती आहे कीं, मुलीच्या जन्माची उपकारस्तुति मंडळींत मुलाच्या इतक्याच मोठ्यानें करावी. सुनांस ती ऐकूं जाऊं द्या.