करणारा आणि करू देणारा

१८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लाने तारेवाचून, दुरून एक छोटी नाव चालवून दाखविली. आज त्या नवलाचे घरगुती रूप झाले आहे. स्मार्टफोनच्या काचेवर बोट फिरते. त्याची हालचाल आकड्यांत मोडून वाय-फायवरून जाते आणि शेजारच्या खोलीतील संगणक ती मुकाट्याने पाळतो. परंतु तो हात ओळखत नाही. एकदा दिलेली परवानगी तेवढी ओळखतो. उद्या तोच फोन मुलाच्या हाती पडला आणि आजोबांचे लेखन पुसले गेले, तर दोष कोणाचा? पुसणारा मूल खरे; पण पुसू देणारा कोण? हात लांबला की कृत्यही आपल्यापासून लांब गेले, असे मनाला वाटते. परवानगी देणे हेही एक कृत्यच नव्हे काय?