प्लगचा काय दोष?

इंजिन बंद पडले की मराठी माणसाच्या तोंडून पहिले शब्द बाहेर पडतात ते 'प्लग बघा!' हेच. मीसुद्धा उमेदीची वर्षे रस्त्याच्या कडेला स्कूटर तिरकी करण्यात आणि पॉलिश पेपरने प्लग घासण्यात घालवली आहेत. त्यामुळे देवबागच्या मेव्हण्यांनी होडीला आउटबोर्ड मोटर बसवली, तेव्हा तिचा तांत्रिक सल्लागार मीच, हे मी परस्पर ठरवून टाकले.

भाच्याला मालवणात प्लग आणायला धाडताना मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिले. प्लगच्या 'गरम' आणि 'थंड' अशा जाती असतात. ज्याचे आतले पांढरे नाक लांब, तो उष्णता धरून ठेवतो, म्हणून गरम. आखूड नाकाचा ती चटकन सोडून देतो, म्हणून थंड. त्यातून एनजीकेच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो आणि चॅम्पियनचा वाढला की गरम! तेव्हा आकड्यांच्या नादी न लागता मोटरच्या पुस्तकात छापलेलाच आण. पोरगा निमूटपणे गेला आणि नेमके तेच दोन प्लग घेऊन आला.

तेल मात्र मी स्वतः ओतले. टू-स्ट्रोक मोटर, पेट्रोलात पन्नासास एक, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर तेल. मी माप घेतले ते डोळ्यांनी, आणि 'यंत्राला तेल कधी जास्त होतं का?' असे म्हणून वर आणखी दोन धारा सोडल्या.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, जाळी चुकवत हळूहळू जाताना मोटर फुरफुरली, निळा धूर सोडला आणि गप्प झाली. ओहोटी लागली होती. नदी समुद्राकडे निघाली होती आणि होडी नदीच्या मताची होती. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी भाच्याकडे पाहिले.

"स्वस्तातले प्लग आणलेस ना?"

पोरगा काही बोलला नाही. कान तेवढे लाल झाले.

म्हाताऱ्या तांडेलाने आधी नांगर टाकला, मग प्लग काढले. काळेकुट्ट आणि ओले! त्याने डब्यातले कोरडे प्लग काढले, आटे बिघडू नयेत म्हणून आधी बोटांनीच फिरवून बसवले, मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा आवळले. टाकीत नुसते पेट्रोल ओतून तेल पातळ केले. तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. जुना प्लग माझ्या तळहातावर ठेवत तो म्हणाला, "प्लग खोटा बोलणा नाय, सायबानू. तेल कोणी घातल्यान?"

आता गंमत पाहा. मोटर धड चालत असेल तर प्लगचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असते. फार तापली तर पांढरेफटक, पेट्रोल जास्त झाले तर कोरडी काजळी, तेल जास्त झाले तर ओला चिकटा. म्हणजे तो गुन्हेगार नव्हे, साक्षीदार! तोही झिजतो, त्याची फट वाढते, तेव्हा वेळच्या वेळी बदलायलाच हवा. पण नवा प्लग चालला एवढ्यावरून जुना दोषी ठरतो काय? आपला सगळा न्याय इथेच फसतो. कारकुनाची बदली होते, कप्तान बदलतो, आणि चार दिवस कारभार सुरळीत चालला की आपण म्हणतो, "बघा, तोच नडत होता!" टाकीत तेच मिश्रण असते. संध्याकाळपर्यंत नवाही काळा पडतो. पण तोवर आपण जुन्याला समुद्रात फेकलेले असते.

किनाऱ्यावर उतरल्यावर मी भाच्याला बाजूला घेतले. हे वाक्य जुळवायला मला मोटर दुरुस्त होण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"अरे, तेल माझ्याच हातून जास्त पडलं होतं."

"ठाऊक होतं, काका. ओतताना मी तिथंच होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत ते प्लगबद्दल."

तो प्लग हल्ली माझ्या टेबलावर असतो. पॉलिश पेपर घरात आहे, पण मी तो घासलेला नाही.